पोरीचा खिळा

मागच्या दिवाळीत आमची सून वैशाली पुण्याहून आली, तेव्हा मी तिला एकदाचं विचारून टाकलं, "बाई, तू दिवसभर त्या यंत्रापुढे बसून नेमकं करतेस तरी काय?" शेजारीपाजारी विचारायचे आणि "कंप्युटरमध्ये आहे" यापलीकडे माझ्याकडे उत्तर नसायचं.

तिने फराळाचं ताट बाजूला सारून समजावलं. मोठ्या कंपन्या आपला सगळा कारभार एका तयार सॉफ्टवेअरवर चालवतात. माल आला, तपासला, मोजला, गोदामात गेला, अशा प्रत्येक कामाचा त्यात एक स्क्रीन ठरलेला असतो. रकाने भरत जायचं, एक पायरी झाली की पुढची उघडते, शेवटी व्यवहार पुरा. पण एखाद्या गिऱ्हाईकाची कामाची रीतच निराळी असते आणि ती त्या तयार स्क्रीनमध्ये बसत नाही. मग वैशाली तिथे जाते, माणसं काम कशी करतात ते पाहते आणि त्यांच्यापुरता वेगळा स्क्रीन बांधून देते.

मी म्हटलं, "म्हणजे तू फळे बनवतेस."

"फळे?"

"मीही आयुष्यभर तेच केलं. तुझे विजेवर चालतात, माझे खिळ्यांवर चालायचे."

"बाबांचं सुरू झालं," असं म्हणत मुलगा उठून गेला. वैशाली मात्र बसली. तिला सांगितलं ते आणि सांगायचं राहिलं ते, दोन्ही इथे लिहितो आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मी एका सहकारी जिनिंगमध्ये लिपिक होतो. माझे वडील तिथेच हमाल, पाठीवरून रुईच्या गाठी वाहायचे. आमच्या घरी धम्मदीक्षा झाली त्यानंतर वडिलांनी एक गोष्ट पक्की धरली होती, पोरानं गाठ उचलायची नाही, टेबलाशी बसायचं. मी मॅट्रिक झालो, टेबलाशी बसलो आणि लवकरच रंधा-हातोडी घेऊन जमिनीवर आलो. "लिपिक झाला अन् सुतारकी करून राह्यला," असं म्हणून वडील कपाळाला हात लावायचे.

झालं असं की हंगामात मला शेलूबाजारच्या कापूस खरेदी केंद्रावर पाठवलं. शेलूबाजार हमरस्त्यावरचं गाव. दिवाळी झाली की मंगरूळच्या, मानोऱ्याच्या बाजूच्या बैलगाड्या तिथे लागायच्या आणि रांग फाटकातून निघून रस्त्याच्या कडेने पार नजरेबाहेर जायची. बाहेरच्या माणसाला वाटतं, कापूस विकणं म्हणजे काय, टाकला आणि आलो. तसं नसतं. आधी ग्रेडर कापसात हात घालून प्रत ठरवतो. मग भरली गाडी काट्यावर चढते. मग कापूस गंजीवर ओततात. मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन वजनांतला फरक तो कापूस. शेवटी शेतकऱ्याचा अंगठा. आता अशा गाड्या अंगणभर पसरल्या, कुणाची प्रत झाली, कुणाचं वजन राहिलं, कुणाची रिकामी गाडी मोजलीच नाही, याचा पत्ता कुणाला लागायचा नाही. दिवसभर नुसता आरडाओरडा. माणूस आपली गाडी सोडून चहा प्यायलाही जायला भ्यायचा.

तेव्हा मी तो फळा केला. सागाची मोठी पाटी, तिच्यावर उभे पट्टे. लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून पट्ट्यांवर चित्रं काढली. ग्रेडरचा डोळा, भरली गाडी, कापसाची गंजी, रिकामी गाडी आणि अंगठा. प्रत्येक पट्ट्यात खिळे ओळीने. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून गोल बिल्ले केले, त्यांवर नंबर रंगवले, प्रत्येक नंबराचे दोन बिल्ले. गाडी फाटकात आली की तिचा बिल्ला पहिल्या खिळ्यावर, काम झालं की पुढच्या. कुणीही झाडाखाली बसून पाहावं, आपला बिल्ला कुठे आहे. ग्रेडरने प्रत ठरवली की तो बिल्ल्याच्या भोकात रंगीत सुतळी ओवायचा. सुतळी नसलेला बिल्ला काटेवाला हातात घ्यायचाच नाही.

इथे वैशाली एकदम म्हणाली, "बाबा, याला आम्ही व्हॅलिडेशन म्हणतो."

"आम्ही त्याला सुतळी म्हणायचो."

पहिल्या आठवड्यात मात्र माझा सपशेल बोजवारा उडाला. जोडीचा दुसरा बिल्ला शेतकऱ्याकडे द्यायचो. खिशात ठेवायची वस्तू, असं मी धरून चाललो होतो. आमच्या लोकांनी तो बैलाच्या गळ्यात बांधला, घुंगरांच्या शेजारी. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच होतं, गाडी ओढतो कोण, बैल, मग नंबर त्याचा. पण रांगेत बैल सोडून नाल्यावर पाण्याला नेतात, आणि परतताना ज्याच्या बैलांना दम असेल त्याचे बैल दुसऱ्याच्या गाडीला लावून ती पुढे सरकवतात. दुपारपर्यंत नंबर बैलांबरोबर अंगणभर हिंडत होते. फळ्यावर एक, जमिनीवर भलतंच. काटेवाले वानखडे डोकं धरून बसले. दुसऱ्या दिवशी मी बिल्ले गाडीच्या जुवाला खिळ्याने ठोकायला लावले. जू काही पाण्याला जात नाही. "फळेवाले बाबू" हे नाव मला त्या दिवसापासून पडलं, आणि पडलं ते थोडं थट्टेनेच.

आता पुंडलिकरावांबद्दल सांगायला हवं. उतारवयाचे, मोठ्या मिशांचे, जवळच्याच गावचे. अख्ख्या केंद्रावर इतका भांडखोर माणूस दुसरा नव्हता. इतर लोक झोपायचे, पत्ते खेळायचे. हे फळ्यासमोर मांडी घालून बसायचे आणि तंबाखू मळत आपल्या बिल्ल्यावर डोळा ठेवायचे. वाऱ्याने बिल्ला हलला तरी ओरडायचे, "अय बाबू, माया नंबर काहून हालला?" आयुष्यभर कुणी ना कुणी त्यांना मागे ढकललं असावं, असा त्यांचा चेहरा होता. मला ते आवडायचे. फळा मी केला खरा, पण त्याचे खरे वाचक ते एकटेच.

शंका घेण्यात ते अगदीच चुकत नव्हते. एकदा कुणीतरी बैलाच्या तुतारीने, म्हणजे हाकायच्या काठीने, लांबूनच बिल्ले वरखाली केले. केंद्रप्रमुखांनी लगेच फळ्यावर काचेचं दार बसवायला सांगितलं, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या खिशात. रोज सकाळी ते स्वतः बिल्ल्यांची रांग लावून द्यायचे. पुढच्या पट्ट्यांचे बिल्ले वानखडे खालच्या फटीतून सरकवायचे, पण पहिल्या पट्ट्यातल्या रांगेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. गृहस्थ सरळ होते. "नंबर म्हणजे नंबर, मग तो पाटलाचा असो की मजुराचा," असं म्हणायचे, आणि ते मला मनापासून पटायचं. माझ्या बापाला कुणी नंबरच दिला नव्हता.

अशातच धुरपताबाई आली.

मानोऱ्याच्या वाटेवरच्या एका तांड्यावरची, बंजारा बाई. बरोबर म्हातारा सासरा, नवरा मागे तांड्यावर सामान बांधत राहिलेला. शेताचा तुकडा तिच्या नावावर होता, म्हणून बिल्ला तिने घेतलेला आणि शेवटचा अंगठाही तिचाच लागणार. सकाळपासून ती फाटक ते फळा, फळा ते फाटक अशा येरझारा घालत होती. तिचा बिल्ला पहिल्याच पट्ट्यात, खाली शेवटाकडे. आज तिचा काटा होणार नाही हे उघड होतं. दुपारी ती माझ्याकडे आली.

"बाबू, मायी गाडी आज मोजून द्या ना. मले चारच्या यष्टीनं जा लागते."

मी विचारलं, "काहून, काय झालं?"

"उद्या ट्रक हाय. ऊस तोडाले चाललो आमी."

ऊसतोडीचा ट्रक म्हणजे सहा महिन्यांची पाठवणी. मुकादम तांड्यावरून माणसं भरतो आणि घाटाखाली कारखान्यावर नेऊन सोडतो. नवरा-बायकोची जोडी असली तरच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. मी घाबरून विचारलं, "ट्रक चुकेल का तुमचा?"

"ट्रक नाई चुकत. तो याच सडकीनं जाते. मुकादम म्हनला, तू शेलूलेच थांब, सकाळी तुले इथूनच उचलतो."

वानखडे काट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "मंग झालं तर. इथूनच चढ. कायले जीव टाकते?"

ती त्यांच्याकडे वळली. "मायी लहान पोरगी हाय तिथी. गुनी. तिले आजीपाशी ठेवून चाललो. मी तिले काईच सांगून नाई आली. तिले वाटते माय कापूस इकाले गेली, सांजच्याले खाऊ घेऊन येते." मग म्हणाली, "मी इथूनच चढली, त ते पोरगी वाट पाहातच राहीन ना, दादा."

वानखड्यांनी मान खाली घातली. त्यांच्या घरीही तशीच लहान मुलगी होती.

आता आमच्या रांगेची एक जुनी रीत सांगतो. फळा यायच्या आधीपासून, कुणाची बाई अडली असेल, कुणाचा बैल बसला असेल, तर त्याची गाडी पुढे घालायचे. कुणी विचारायचं नाही, उपकार म्हणून बोलून दाखवायचं नाही. नुसतं "जाऊ द्या" म्हणायचे आणि गाड्या बाजूला व्हायच्या. त्या दिवशीही तेच झालं. बातमी गाडीमागून गाडीला गेली आणि रांगेतून आवाज आले, "जाऊ द्या बाईले, जाऊ द्या."

पण वानखडे फळ्यावर दिसेल तोच नंबर पुकारू शकत होते. तो हुकूम होता. फळा काचेआड होता, किल्ली केंद्रप्रमुखांच्या खिशात होती, आणि केंद्रप्रमुख कोर्टाच्या तारखेला वाशीमला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. रांगेतली सगळी माणसं तयार होती. माझा फळा तेवढा तयार नव्हता. मी केलेल्या वस्तूचा मला इतका राग पुन्हा कधी आला नाही.

मी पेटीतून पेचकस काढला. वानखडे म्हणाले, "कुलूप तोडता का? नोकरी जाईन."

"कुलपाला कोण हात लावते?" मी म्हटलं. दाराच्या बिजागऱ्या मीच बसवल्या होत्या. त्यांचे स्क्रू काढले आणि अख्खं दार कुलपासकट दुसऱ्या बाजूने उघडलं. कुलूप अगदी शाबूत.

आणि तिथेच मी अडलो. एका खिळ्यावर एकच बिल्ला बसतो. धुरपताबाईचा बिल्ला मध्ये घालायचा तर पुढची सगळी ओळ एकेक खिळा खाली सरकवायची. जवळजवळ प्रत्येकाचा बिल्ला हलला असता, कुणाचा कुठे गेला यावरून पुन्हा पहिल्यासारखा गोंधळ झाला असता, आणि तोवर चारची यष्टीही निघून गेली असती. नाहीतर कुणातरी एकाने आपला खिळा तिला द्यायचा आणि स्वतः तिच्या जागी, थेट तळाला जायचं. म्हणजे उद्यावर. "जाऊ द्या" म्हणणं सगळ्यांना सोपं होतं, कारण त्यात ज्याचं त्याचं थोडंसंच जात होतं. एकट्याने सगळं देणं वेगळं. जो तो आपल्या बैलांकडे पाहू लागला.

पुढचा नंबर कुणाचा, हे मला पाहावं लागलं नाही. पुंडलिकराव उठून उभे राहिले होते.

मला वाटलं, आता महाभारत होणार. ते फळ्याजवळ आले, मला म्हणाले, "सरक." आपला बिल्ला स्वतःच्या हाताने काढला, धोतराला पुसला आणि लोकांकडे तोंड करून वर धरला.

"पाहा रे साऱ्याईनं. हा कोनी हालवून नाई राह्यला. मी देऊन राह्यलो. उद्या कोनी म्हनू नका का पुंडलिकचा नंबर गेला."

त्यांनी तो तळाच्या खिळ्यावर अडकवला, धुरपताबाईचा आपल्या खिळ्यावर लावला आणि मग तिच्यावरच खेकसले, "आता पाहात काय बसली? बैल जुंप!"

तिची प्रत झाली, काटा झाला, गंजी झाली. दहा माणसांनी मिळून कापूस ओतला. रिकामी गाडी काट्यावरून उतरायच्या आधी फाटकावरून कुणीतरी ओरडलं, यष्टी आली. धुरपताबाईने अंगठा दिला आणि शाई पदराला पुसत पळाली. वानखडे तिच्या पुढे पळत होते, काटा सोडून, ड्रायव्हरला हात करत. गाडी थांबली. सासरा रिकामी बैलगाडी घेऊन सावकाश तांड्याकडे निघाला.

संध्याकाळी केंद्रप्रमुख आले. एका बाजूला कुलूप, दुसऱ्या बाजूला निघालेल्या बिजागऱ्या, हे पाहून त्यांना आधी काही कळेचना. कळल्यावर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "आज दया, उद्या धंदा. लोक नंबर विकतील. मग गरीबच मागे पडेल, तुम्हाला कळत नाही का?" ते काही खोटं बोलत नव्हते, म्हणून मी उलटून बोललो नाही. एवढंच म्हटलं, "साहेब, बिल्ला हलवला आणि बिल्ला दिला, यातला फरक आपल्या फळ्याला दाखवता येत नाही. तेवढं मला करू द्या."

त्यांनी निघालेलं दार जागेवर टेकवून पाहिलं. मग म्हणाले, "देणाऱ्याने स्वतःच्या हाताने लावायचा. सगळ्यांसमोर. आणि मी इथे असताना."

पहिल्या पट्ट्याच्या शेजारी मी एक वेगळा खिळा ठोकला, लाल रंगाचा. ज्याला आपली पाळी दुसऱ्याला द्यायची त्याने आपला बिल्ला त्याच्यावर लावायचा. ज्याला दिली तो त्याच्या जागी जाणार, आणि देणारा मागे गेला हे रांगेला दिसत राहणार. लोक त्याला "पोरीचा खिळा" म्हणायला लागले. पुढे पुढे गुणी कोण, धुरपताबाई कोण, हे न ऐकलेली माणसंही यायची. "बाबू, माया बाप दवाखान्यात हाय, पोरीच्या खिळ्याचं कोनाले इचारू?" असं म्हणायची, आणि रांगेतून कुणीतरी उठायचंच. एकदोनदा पाळी विकली गेलीच. मला समजलं, वाईट वाटलं, तरी मी खिळा उपटला नाही. दुसऱ्या केंद्रांसाठीही मी फळे केले. तिथल्या साहेबांना तो खिळा मात्र नको असायचा. त्यांना पटवण्यात मी कमी पडलो, याची रुखरुख अजून आहे.

वैशालीने विचारलं, "बाबा, तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं ना, असा खिळा पाहिजे म्हणून?"

"कोण सांगणार? रांगेतल्या माणसाला विचार, तुमची रीत काय. तो म्हणेल, नंबरानं जातो. 'जाऊ द्या' ही त्याला रीत वाटतच नाही. ते त्याच्या दृष्टीने साधं वागणं आहे."

 मग तिने मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. काय ते मी विचारलं नाही.

पण धुरपताबाई यष्टीने गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगायचं राहिलं.

मी केंद्रावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. रस्त्यापलीकडच्या हॉटेलापाशी ऊसतोडीचा ट्रक थांबला होता. गाठोडी, भांडी, कोंबड्या आणि वर माणसं. धुरपताबाई खाली उतरून थेट माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते.

"भेटली का पोरगी?" मी विचारलं.

"भेटली ना. सारं सांगून देलं तिले. लय रडली. मंग मायं बोट धरून झोपली." तिने इकडेतिकडे पाहिलं. "ते मिशीवाले काकाजी कुठी हायत?"

मी दाखवलं. पुंडलिकराव आपल्या गाडीखाली घोंगडी पांघरून घोरत होते. तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी त्यांच्या उशाशी ठेवल्या, वर एक दगड ठेवला कुत्र्याने ओढू नये म्हणून, आणि क्षणभर उभी राहिली. मी त्यांना हाक मारणार तर म्हणाली, "नोका उठवू. मायापायी थांबले ते." तेवढ्यात मुकादमाने भोंगा वाजवला आणि ती गेली.

पुंडलिकराव उठले ते भाकरी पाहून. "कोनं ठेवलं हे?" मी सांगितलं. ते ताडकन उठून बसले आणि माझ्यावर ओरडले, "मंग मले उठवलं काहून नाई?" रस्ता रिकामा होता, तरी ते मान लांबवून पाहत राहिले. मग फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि तो हातातच धरून हळूच विचारलं, "पोरगी रडली का?"

"रडली. मग तिचं बोट धरून झोपली."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. तुकडा तोंडात घातला, डोळे पुसले, आणि सवयीप्रमाणे फळ्याकडे वळून पाहिलं, आपला बिल्ला जागेवर आहे की नाही ते.